थंड फेरी

त्याला सगळे थंडोबा म्हणायचे आणि त्यावर त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार करायची म्हणजे आधी तोंड उघडावं लागतं, आणि सगळं घोडं तिथेच तर अडायचं. वय पंचेचाळीस, अंगावर कायम निळी डांगरी, कानामागे पेन्सिल, आणि आवाज इतका हळू की समोरचा आपोआप पुढे वाकायचा. शर्यतीच्या ट्रॅकला लागून तीन शटरचं एक गॅरेज होतं, तिथे तो इंजिनांचं काम बघायचा. गॅरेज त्याच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं.

सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन ट्रॅकवर यायची. कुणी दातांचे डॉक्टर, कुणी वकील, कुणी कापडाचे व्यापारी. आठवडाभर सिग्नलला थांबून थांबून जीव विटलेला असायचा, त्यामुळे इथे एकदा पाय खाली गेला की वर यायचं नाव घ्यायचा नाही. त्यांना आवरणं हे थंडोबाचं काम. तो डायलसमोर उभा राहून सांगायचा, "पाण्याचा काटा सगळे बघता. तेलाचा कोण बघणार? पाणी म्हणजे घरातलं लहान मूल. जरा काही झालं की भोकाड पसरतं, जरा चुचकारलं की गप्प. तेल म्हणजे घरातला मोठा माणूस. तापतं उशिरा, आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही."

मग आकडे यायचे. ऐंशीच्या खाली गाडी ताणायची नाही, तेल अजून घट्ट आहे. शंभर ते एकशे वीस, खुशाल मजा करा. एकशे तीसला पाय उचला. "एकशे चाळीसच्या पुढे तेल पाण्यासारखं पातळ होतं, बेअरिंगांवर टिकत नाही, लोखंडाला लोखंड घासतं आणि मग तुम्ही मला फोन करता." आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: तापलेली गाडी थेट आत आणून बंद करायची नाही. वारा थांबतो, पंप थांबतो, तेल जागच्या जागी भाजतं. वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, एकशे दहाच्या खाली येईपर्यंत फिरवायची. याला तो थंड फेरी म्हणायचा, आणि ती फेरी घेतल्याशिवाय कुणी आत आलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाही. तसाही फारसा बोलायचा नाही म्हणा.

एकदा त्या दातांच्या डॉक्टरांनी ऐकलं नाही. इंजिन उघडलं तेव्हा बेअरिंगांच्या पार चिंधड्या झालेल्या. डॉक्टर हातात घेऊन बघत राहिले. थंडोबा एवढंच म्हणाला, "दुखायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं." सगळं गॅरेज हसलं, डॉक्टरही हसले.

आता मला सांगा, एवढं कळणाऱ्या माणसाने सव्वीस वर्षं एकाच लोखंडी जिन्यावरून खाली उतरावं का? पण उतरला. वडील गेले तेव्हा तो एकोणीसचा होता. दाजी स्वतः न्यायला आले. त्याची ट्रंक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि गॅरेजच्या वरची खोली उघडून दिली. "तात्पुरती," म्हणाले. खोली चांगली होती, उजेडाची. अडचण एकच होती. तिचा जिना थेट गॅरेजमध्ये उतरायचा, दुसरी वाट नव्हती. दूध आणायला जायचं तरी गॅरेजमधून जावं लागायचं, आणि गॅरेजमध्ये कुणीतरी हाक मारायचंच, "अरे, आलास तसा जरा हे बघ." मग दूध राहायचं.

दाजी वाईट माणूस होते असं कुणी म्हणू नये. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. आल्यागेल्याला ओळख करून द्यायचे, "हा आपल्या घरातलाच." पण घरातलाच असल्यामुळे त्याला कधी काही विचारायचं राहूनच गेलं. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. दाजी म्हणाले, "हा मोसम आटपू दे, मग बघू." मोसम आटपला, दुसरा आला, मुलीकडच्यांनी दुसरीकडे बघितलं. थंडोबा काही बोलला नाही. दाजींना वाटलं, त्यालाच नको होतं.

दोन वर्षांपासून आणखी एक भानगड होती. दाजी एकसष्टीला आले होते, लांबचं घारीसारखं दिसायचं, पण जवळचं दिसेनासं झालं होतं. बिलं, पत्रं, पुड्यावरची बारीक अक्षरं समोर आली की म्हणायचे, "वाच रे जरा, माझे हात तेलाचे आहेत." हात स्वच्छ असायचे. गॅरेजात चष्मा लावायचा नाही हा हट्ट, आणि हेल्मेटात चष्मा मावत नाही ही सबब. तेव्हापासून ट्रॅकवर निघताना ते थंडोबाला शेजारच्या सीटवर बसवायला लागले. कारण सांगायचे, "तू बसलास की वजन बरोबर राहतं." अहो, साठ किलोच्या माणसाने कसलं वजन बरोबर राहतंय! त्यांना तेलाचा काटा दिसत नव्हता. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. थंडोबा आकडा सांगायचा, दाजी ऐकायचे. जगात दाजी कुणाचं ऐकत असतील तर त्या आकड्यांचं.

अशात तंत्रशाळेच्या प्राचार्य बाई विद्यार्थ्यांना घेऊन गॅरेज दाखवायला आल्या. थंडोबाने त्यांना तेलाचा पंप उघडून दाखवला. तासभर तीस पोरापोरींतल्या एकानेही फोन बाहेर काढला नाही. बाईंनी ते हेरलं. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे इंजिनाचा विषय शिकवायला माणूस हवा आहे. याल का?" थंडोबाचे कान लाल झाले. बाई म्हणाल्या, "पुढचा आठवडा संपला की सोमवारी वर्ग सुरू होतात. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत येऊन सही करा. पाचला यादी वर जाते, मग माझ्या हातात काही राहत नाही."

त्याने फक्त ताईला सांगितलं. ताईने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "जा. खरंच जा. पण त्यांना तोंडावर सांगून जा. चोरासारखा निघून जाऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर. आणि मला सांगायला लावू नकोस."

म्हणजे झालं! सही करायला दहा मिनिटं, आणि तोंडावर सांगायला अकरा दिवस पुरले नाहीत. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "दाजी, एक बोलायचं होतं." "बोल की," म्हणाले, आणि फोन वाजला. चौथ्या दिवशी जेवताना सांगायचं ठरवलं, तर दाजी आपणहून पाहुण्यांना सांगत सुटले, "हा नसता तर माझं शटर कधीच खाली आलं असतं." आता त्यानंतर कुठल्या तोंडाने बोलायचं? सातव्या दिवशी त्याने कागदावर लिहून काढलं. तो कागद डांगरीबरोबर धुतला गेला. दहाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, तो त्यांच्या मागे मागे तिन्ही शटरांतून फिरला, आणि शेवटी विचारलं काय, तर "चहा घेणार का?"

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी ट्रॅक फक्त जुन्या सभासदांसाठी राखलेला होता. दाजींनी अकरा वर्षांपूर्वी आपल्या जुन्या लाल गाडीत एका फेरीची विक्रमी वेळ लावली होती, आणि ती त्यांना स्वतःलाच मोडायची होती. सकाळी चांगलाच गारठा होता. अशा हवेत तेल तापायला फार वेळ लागतो, म्हणून थंडोबाची एक पद्धत होती. गाडीच्या नाकात, जाळीमागे, तेल थंड करणारा छोटा कूलर असतो. त्याच्यावर तो रुंद चंदेरी चिकटपट्टी लावून तीन हिस्से झाकून टाकायचा. वारा लागत नाही, तेल लवकर तापतं. सकाळच्या दोन हलक्या फेऱ्या झाल्या, हवा तापली, की दुपारी जेवायच्या आधी पट्टी काढायची. हे काम दुसऱ्या कुणी करायचं नाही असा त्याचाच दंडक होता. लावणाऱ्यानेच काढायची, म्हणजे विसरणं नाही.

दाजी दोन वाजता ट्रॅकवर जाणार होते. जेवायच्या आधी ते म्हणाले, "मी चारची वेळ मागून घेतली. शेवटी शेवटी ट्रॅक मोकळा असतो. तू आहेसच शेजारी."  थंडोबाने मनात हिशोब मांडला. चारला निघालो, साडेचारपर्यंत आत. तंत्रशाळा स्कूटरवर दहा मिनिटं. जमेल. आणि आत येताना, थंड फेरीत, सांगून टाकायचं. गाडीत दाजी उठून जाऊ शकत नाहीत, फोन वाजू शकत नाही. हे त्याला अकरा दिवसांत सुचलं नव्हतं याचंच त्याला नवल वाटलं. मग डबा घेऊन तो टायरच्या ढिगामागे जाऊन बसला आणि वाक्यं पाठ करायला लागला. "दाजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही." छे, फारच नाटकी. "दाजी, असं आहे की." असं आहे की काय? तो वाक्यं जुळवत राहिला, जेवण तसंच राहिलं, आणि चार वाजले.

चारला तो शेजारच्या सीटवर बसला. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मध्ये भलंमोठं कुलूप, डोक्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खिडकीला जाळी. हेल्मेटात माईक होता, त्यातून दोघांना एकमेकांचं ऐकू यायचं. नियंत्रण मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली होती.

"आकडा?"

"चौऱ्याऐंशी. आता हळूहळू चढवा."

दुसऱ्या फेरीला एकशे दोन. दाजी खुशीत आले, वळणं लोण्यासारखी कापायला लागले. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर एकशे एकोणीस, आणि त्याच फेरीच्या शेवटी एकशे अठ्ठावीस. थंडोबा सावरून बसला. एवढ्या लवकर? पाणी ब्याण्णव, अगदी शहाण्यासारखं. दाब ठीक. मग तेल का पळतंय? त्याने डोळे मिटून गाडी नाकापासून शेपटीपर्यंत मनात तपासली, आणि नाकापाशीच थांबला.

पट्टी!

 सव्वीस वर्षांत जे कधी झालं नाही ते आज झालं होतं, आणि तेही कशामुळे, तर जायची वाक्यं पाठ करण्यापायी.

"मी पुढे आहे ना रे?" दाजी ओरडले. "सव्वा सेकंद पुढे असणार! आकडा?"

"एकशे तेहतीस."

"पाणी?"

"ब्याण्णव."

"मग एक फेरी निघेल. एकच!"

निघाली नसती. थंडोबाला स्वच्छ दिसत होतं काय होणार ते. गप्प बसलो तर अर्ध्या फेरीत इंजिन बसेल. मग ते उघडायचं कुणी? आपणच. पूर्ण हिवाळा त्यात जाईल, आणि दाजींचं इंजिन आपल्या चुकीने जाळून आपण सोमवारी फळ्यासमोर उभे राहणार का? मेलो तरी नाही. आणि सांगितलं तर दाजी म्हणतील, साधी पट्टी काढायची तुला आठवण राहत नाही, आणि निघालाय शिकवायला. इकडे आड आणि तिकडे विहीर! काटा एकशे अडतीसला टेकला.

"पाय उचला, दाजी. कूलरवरची पट्टी राहिली आहे. माझी चूक."

दाजींचा पाय त्याच क्षणी वर आला. आकड्याच्या बाबतीत त्यांनी कधी वाद घातला नव्हता. गाडी वरच्या गिअरमध्ये गेली, आवाज खाली बसला, आणि मग हेल्मेटात शिव्यांची जी सरबत्ती सुरू झाली ती पूर्ण दोन वळणं चालली.

"अकरा वर्षं!" दाजी म्हणाले. "अकरा वर्षांनी गाडी अशी चालली होती! सव्वीस वर्षांत एकदाही विसरला नाहीस, आजच बरा विसरलास? डोकं कुठे होतं तुझं?"

"तेच सांगायचं होतं."

पाठ केलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. त्याने जमेल तसं सांगितलं. "मी जातोय, दाजी. तंत्रशाळेत. शिकवायला. सोमवारपासून. आज पाचच्या आत सही करायची आहे."

बोलून झालं. अकरा दिवस घशात अडकलेलं इतकं लहानसं होतं. तो वाट बघत राहिला. इंजिन संथ घरघरत होतं, बाहेर गवत सरकत होतं.

"आकडा सांग," दाजी म्हणाले.

"एकशे एकोणतीस."

आणखी अर्धी फेरी गेली. मग दाजी म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय?"

"बाईंचा फोन आला होता, मंगळवारी. माणूस कसा आहे म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, माणूस सोन्यासारखा आहे, पण तो येणार नाही. तर म्हणतात कशा, ते त्यांनाच सांगू दे, मी शुक्रवारी पाचपर्यंत थांबते."

 मनोऱ्यावर चार वाजून सोळा मिनिटं झाली होती.

"म्हणून चारची वेळ मागून घेतलीत?"

 आत जायची वाट डाव्या हाताला आली आणि मागे गेली. ते ठीक होतं, तेल अजून एकशे तेवीसला होतं, थंडोबानेही आत घेऊ दिली नसती. पण कूलर झाकलेला, वारा लागत नाही, त्यामुळे तेल निवता निवेना. एरवी दीड फेरीत झालं असतं ते आज तीन फेऱ्या मागत होतं. आपणच लावलेली पट्टी आपल्यालाच इथे बांधून ठेवते आहे, हे त्याला कळत होतं आणि त्याचा जीव नुसता चरफडत होता. एकशे अठरा. एकशे चौदा. चार वाजून वीस. चार वाजून चोवीस.

"एकशे आठ," तो म्हणाला. "आता आत घ्या."

वाट आली. गाडी सरळ पुढे गेली.

"दाजी! एकशे आठ झालं."

"अजून एक घेऊ. उशिरा निवतं, तूच सांगतोस ना सगळ्यांना? आत जायची घाई कशाला."

"कूलर झाकलेला असला तरी एकशे आठ म्हणजे एकशे आठच."

"तुला तिथे काय मिळणार आहे रे?" दाजींचा आवाज एकदम चढला. "फळा आणि खडू! इथे तुझ्या शब्दावर गाड्या चालतात. मी तुला काय कमी केलं? सांग ना. एक गोष्ट सांग."

"काही नाही."

"मग?"

थंडोबाने खूप शोधलं. खरंच काही कमी नव्हतं. जेवण होतं, खोली होती, मान होता, आजारपणात ताईच्या घरून डबा येत होता. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

"घरातल्या माणसाला विचारतात का?" दाजी म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

ती वाट पुन्हा आली. तिथला झेंडेवाला हात हलवून आत या म्हणत होता. दाजींनी त्यालाही हात केला आणि पुढे काढली. चार वाजून अठ्ठावीस. तेल एकशे एकवर आलं होतं, म्हणजे आता जगातल्या कुठल्याही गाडीला आत यायला हरकत नव्हती. थंडोबाचा हात आपोआप पट्ट्यांच्या कुलपाकडे गेला. गाडी साठाने चालली होती. उघडून करणार काय? उडी मारणार? हेल्मेटात त्याचाच श्वास त्याला मोठ्याने ऐकू येत होता, पिंजऱ्याच्या नळ्या अंगावर आल्यासारख्या वाटत होत्या, आणि खिडकीच्या जाळीतून त्याची खोली दिसत होती, तिची उघडी खिडकी, आत दोरीवर वाळत घातलेला त्याचा टॉवेल. त्याला राग आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला दाजींचा सरळसरळ राग आला.

"दाजी, मी विनंती करतो. आत घ्या."

"आकडा काय झालाय?"

"सत्याण्णव."

"गरमच आहे," दाजी म्हणाले. आवाज हलला होता. "अरे, तू गेलास तर मला कोण सांगणार?"

त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा ते बोलून दाखवलं होतं.  थंडोबा जवळजवळ म्हणणार होता, राहू द्या, नाही जात. शब्द ओठांवर आला होता. आणि तेवढ्यात वाट पुन्हा एकदा मागे गेली. घड्याळात चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

ट्रॅकवर माणसाला पहिल्या दिवशी एक धडा देतात. तेल कितीही तापो, त्याला वेळ देता येतो. पण तेलाचा दाब गेला, तर श्वासही न घेता इंजिन बंद करायचं, असाल तिथे. डोकं विचार करायच्या आधी हाताने करायचं काम ते.

"दाब गेला!" थंडोबा ओरडला. "शून्य! बंद करा, दाजी, बंद करा!"

दाजींचा हात त्याच क्षणी चावीवर गेला. इंजिन बंद पडलं. गाडी तशीच घरंगळत गवताच्या कडेला जाऊन थांबली. थंडोबाने कुलूप फिरवलं, पट्टे सुटले, जाळी काढली, तो दार उघडून बाहेर पडला.  हेल्मेट काढून त्याने ते सीटवर ठेवलं.

दाजी अजून स्टिअरिंग धरून बसले होते.  "गेलं का रे? इंजिन गेलं?"

"काही गेलं नाही," थंडोबा म्हणाला. "दाब व्यवस्थित होता, चारच्या वर. मी खोटं बोललो."

 दाजींनी हेल्मेट काढलं, मान पुढे केली, डायलला नाक लागेल इतकी पुढे, आणि डोळे बारीक करून बघितलं. पण बंद इंजिनाचा दाब शून्यच असतो, त्यातून काय कळणार? ते परत मागे टेकले.

"तू मला खोटा आकडा सांगितलास?"

"हो."

"सव्वीस वर्षांत कधी नाही सांगितलास."

"नाही."

"मग खोटं कधी बोललास? मघाशी का आत्ता?"

 थंडोबा जे काही बोलला असता ते त्याच तोंडाने बोलला असता. तरी तो म्हणाला, "आत्ता खरं सांगतोय. चालू करा, हळू आत न्या, पट्टी काढा. इंजिन ठणठणीत आहे."

दाजींनी चावीवर हात ठेवला आणि उचलला. खरंच दाब गेला असेल तर एक स्टार्टर मारला तरी सगळं संपणार होतं. "तू बस," ते म्हणाले. "शेजारी बसून चालू करून दाखव. एक फेरी मार माझ्याबरोबर, मग मी विश्वास ठेवतो."

थंडोबाने मोकळ्या सीटकडे बघितलं. पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. आत बसायला एक पाऊल पुरलं असतं, आणि चावी फिरवायला एक हात. त्याच्या हातांना तेवढंच येत होतं, आणि ते करायला ते शिवशिवत होते.

"विश्वास ठेवू नका, दाजी," तो म्हणाला. "येतो मी."

तो गवतातून निघाला. कुंपणापर्यंत बरंच अंतर होतं. सगळ्या वाटेवर त्याचे कान मागे लागलेले होते. आता स्टार्टर वाजेल, आता वाजेल. वाजला नाही. कुंपणातून बाहेर पडून तो गॅरेजच्या मागे लावलेल्या स्कूटरपाशी पोचला, तेव्हा त्याने एकदाच वळून बघितलं. ओढून नेणारी गाडी आली होती. मागे दोर बांधलेला, दोराला ती लाल गाडी, आत ताठ बसलेले दाजी, आणि शेजारची सीट रिकामी. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं, एक खिळाही न बिघडलेलं इंजिन दोरावर आत चाललं होतं, केवळ त्याच्या शब्दावर आता भरवसा नाही म्हणून.

त्याला रडू आलं. त्याने डांगरीच्या बाहीने तोंड पुसलं, स्कूटरला किक मारली. पाचला बारा मिनिटं कमी होती.